दोन कुलपांआडचं कलम सतरा

मी करारनामा बोलतोय. कपाटातून बोलतोय, म्हणून आवाज दबका वाटेल; राग मात्र दबलेला नाही.

बेचाळीस पानांचा आहे मी. एका वकीलबाईंनी पंधरा दिवस डोकं खपवून मला लिहिलं. इमारत एक, पण खाली दुकानं आणि वर घरं. टाकी एक, जिना एक, गच्ची एक. लिफ्ट दोन: पुढची माणसांची, मागची दुकानांच्या मालाची. कोणी काय वापरायचं, खर्च कसा वाटायचा, बिघडलं तर काय करायचं, सगळं बाईंनी माझ्यात घातलं.

सह्यांच्या दिवशी वाटलं, आता कोणीतरी वाचेल. कसलं काय! "बाई, फुली कुठे मारलीय तेवढं दाखवा," म्हणत सगळ्यांनी चहा थंड व्हायच्या आत बेचाळीस पानं उरकली.

मग कोणी खाडाखोड करू नये म्हणून मला तळमजल्यावर, सभेच्या खोलीतल्या दोन कुलपांच्या कपाटात ठेवलं. एक किल्ली दुकानांची, एक घरांची. दोघं एकत्र आले तरच कपाट उघडणार. झाली का पंचाईत! मी लागतो भांडण झाल्यावर, आणि भांडण झालं की हे एकत्र येत नाहीत.

गेल्या वर्षी पुढच्या लिफ्टची मोटर जळाली. दुकानांची किल्ली सांभाळणारे नटबोल्टशेठ म्हणाले, "आम्ही जमिनीवर. आमचा लिफ्टशी संबंध काय?"

घरांचे अध्यक्षकाका कडाडले, "करारात लिहिलंय!"

"दाखवा की मग."

"आधी तुमची किल्ली आणा."

"तुम्ही आणा आधी."

सात महिने हेच! माझ्यावरून भांडतात आणि मलाच बघत नाहीत.

चौथ्या मजल्यावर सिस्टर आजी राहतात. जन्मभर नर्स होत्या. आता गुडघे कामातून गेलेत. खुर्चीतून उतरवावं, तर अरुंद जिन्यात खुर्ची वळत नाही. त्यांची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे अंथरुणाला खिळलेली. आजी रोज दुपारी जाऊन तिची वेणी घालायच्या. लिफ्ट बंद पडली आणि ते सुटलं.

आजींची सून एकदा या सभेच्या खोलीत काकांकडे आली. "मावशींचं काही खरं नाही हो काका. आईंना एकदा तरी न्यायचंय. मागच्या लिफ्टचं शेठना विचारू?"

"खबरदार! त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायचं नाही. आपलीच बाजू लंगडी पडेल."

अहो, विचारायचं कशाला? पान एकतीस, कलम सतरा: पुढची लिफ्ट बंद असेल तर घरच्यांनी मागची वापरावी, परवानगी लागणार नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कागदाचं ऐकतंय कोण!

महिन्याभराने मावशी गेल्या. आजींना शेवटचं तोंडही बघता आलं नाही.

पुढे पंधरवड्याने, भांडण कोर्टात न्यायला माझी नक्कल हवी म्हणून दोघे नाइलाजाने किल्ल्या घेऊन आले. बाईंच्या कारकुनाने पानं उलटता उलटता कलम सतरा मोठ्याने वाचलं.

शेठ हळूच म्हणाले, "अहो, दुपारी ती लिफ्ट नुसती उभीच असते. एक शब्द टाकायचा होता."

काका चष्मा पुसत बसले. सून दाराशीच होती. ऐकून ती तडक वर गेली.

त्याच दुपारी तिने आजींना मागच्या लिफ्टने खाली आणलं. खिळ्यांच्या खोक्यांना धरून उभ्या राहत त्या उतरल्या. मी अजून टेबलावरच होतो.

"आई, कुठे जाऊया?" सुनेने विचारलं.

आजी दाराकडे बघत राहिल्या. "आता कुठे गं? चल, वरच जाऊ."

मला परत कपाटात कोंडलंय. दोन्ही कुलपं लागलीत आणि बाहेर चूक कोणाची यावर जुंपलीय. माझं एकच मागणं आहे: मला दाराशी खिळ्याला टांगा, येईल त्याच्या हाताला लागू दे. चुरगळलो, फाटलो तरी चालेल. असा कोरा करकरीत राहिलो, याचीच मला लाज वाटते.