पहिल्या गाडीचा आराखडा

"पुढील पाच वर्षांचा विकास आराखडा तीन आठवड्यांच्या आत सादर करावा." विद्यापीठाचं असं पत्र आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. यवतमाळच्या उपकेंद्रातल्या विज्ञान व अभियांत्रिकी ग्रंथालयाचे ग्रंथपाल संघदीप मुनेश्वर मात्र खुलले. त्यांना आराखड्यांची भारी हौस. रंगीत तक्ते, बाण, चौकटी, मोठमोठी शीर्षकं! माणूस कामचुकार नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. पण आपल्या कचेऱ्यांमधून आराखडा कसा तयार होतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच. मागची फाइल काढायची, साल बदलायचं, चार नवे शब्द घालायचे, झाला आराखडा!

संघदीप सरांनीही तेच केलं. आठवडाभरात चौसष्ट पानं तयार झाली. त्यात एकोणचाळीस प्रकल्प होते.

सहायक ग्रंथपाल ममता गावंडे यांनी ती पानं चाळली आणि हळूच विचारलं, "सर, मागच्या आराखड्यातही एकोणचाळीसच होते ना?"

"हो. का?"

"त्यातले दोन झाले. एक म्हणजे खुर्च्यांना रंग, आणि दुसरा म्हणजे उद्घाटनाची पाटी."

"कशाच्या उद्घाटनाची?"

"ते ठरायचंच राहिलं, सर."

सर हसले, पण त्यांनी विषय टाळला. "ममताताई, आराखडा विद्यापीठाच्या समितीसाठी असतो. समितीला तो भरगच्च दिसला पाहिजे. पुढचं पुढे पाहू."

त्या रविवारी सरांच्या बहिणीकडे राळेगावला नातीचं बारसं होतं. मुक्काम झाला. सोमवारी वेळेत पोचायचं म्हणून ते सकाळी सव्वासहाच्या पहिल्या गाडीत बसले. जानेवारीची थंडी होती. गाडी रिकामीच असेल असं त्यांना वाटलं होतं, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. पाठीवर पिशव्या, कानाला स्कार्फ, हातात ड्रॉइंग शीटच्या नळ्या. बहुतेक मुलीच होत्या. सरांना कशीबशी जागा मिळाली ती एका चुणचुणीत मुलीशेजारी. तिचं नाव सुरभी.

"इतक्या सकाळी कुठं निघालीस, बाळा?"

"कॉलेजला. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे मी."

"कॉलेज तर साडेदहाचं!"

"पुढची गाडी पावणेअकराला पोचते, काका. पहिलं लेक्चर जातं आणि हजेरीही जाते. म्हणून आम्ही सगळे हीच पकडतो. साडेसातला उतरतो."

"मग तीन तास करता काय?"

"बसतो."

"कुठं?"

"लायब्ररीच्या पायऱ्यांवर."

सरांना काही कळेना. "पायऱ्यांवर का? आत बसावं की!"

आजूबाजूच्या पाच-सहा जणी फिस्सकन हसल्या. सुरभी म्हणाली, "काका, लायब्ररी साडेदहाला उघडते. आमचं लेक्चरही साडेदहालाच. संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटलं की पाच वीसची गाडी. जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठी देऊन पुस्तक घ्यायचं, एवढीच आमची लायब्ररी."

तिकीट फाडत कंडक्टर दीपमाला भगत तिथं आल्या. सरांच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी वाचलं. "अगो पोट्ट्याहो, तुमी कोनाले सांगून राह्यल्या? हे तं तुमच्या लायब्ररीचेच मोठे साहेब हायेत!"

सुरभीनं जीभ चावली. सर ओशाळले, पण लगेच सावरून त्यांनी पिशवीतून फाइल काढली. "हे पाहा, तुमच्यासाठीच तर सगळं चाललंय. पान अकरा. 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वाचनसंस्कृती अभियान'! शिवाय भिंतभर डिजिटल पडदा..."

दीपमालाताईंनी दांड्याला टेकून फाइलची पानं उलटली. "चांगलं हाय. पन सर, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"आमच्या डेपोत नवी फेरी सुरू कराची म्हनलं तं साहेब पयले आमाले, कंडक्टर लोकाईले इचारतात. कोन्या फाट्यावर किती मानसं उभी राह्यतात, किती वाजता, कुठी जातात. ते समजलं का मंग गाडी सुटते. तुमी तं सर गाडी रंगवली, पाटी लावली, हारबी घातला. पन फाट्यावर कोन उभं हाय, हे पाह्यलंच नाई!"

"असं कसं म्हणता? समितीला जे अपेक्षित असतं..."

"समिती या गाडीनं येते का?"

सरांनी फाइल मिटली. कळंब मागे पडलं. ते उरलेला रस्ताभर खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत राहिले.

उपकेंद्राच्या फाट्यावर सगळे उतरले. अठरा मुली, सात मुलं. सवयीनं सगळ्यांचे पाय ग्रंथालयाकडे वळले. उत्तरेकडच्या त्या पायऱ्यांवर अजून ऊन पोचलं नव्हतं. मुलींनी दप्तरातून वर्तमानपत्रं काढली, गार फरशीवर अंथरली आणि त्यावर बसून वह्या उघडल्या. ज्याची त्याची जागा ठरलेली होती. किती महिने हे असं चाललं होतं!

ग्रंथालयाची एक किल्ली सरांच्याच पिशवीत होती. अठरा वर्षांच्या नोकरीत साडेदहाच्या आधी त्यांनी ते कुलूप कधी काढलं नव्हतं. नियमात बसेल का? नोंदवहीत वेळ काय लिहायची? कुणी विचारलं तर? क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"या आत!"

कुणीच हललं नाही.

"सर, साडेदहा व्हायचेत अजून," सुरभी चाचरत म्हणाली.

"ठाऊक आहे मला! या म्हणतोय ना!"

आणि मग जो गलका झाला! चपलांचे आवाज, खुर्च्या सरकल्याचे आवाज, दबलेलं हसू. पाच मिनिटांत वाचनकक्ष भरला. सुरभी मात्र कपाटांच्या रांगांमध्ये गोंधळून उभी होती. "सर, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कुठं असतं?"

दीड वर्ष झालं होतं तिला इथं येऊन, आणि कुठला विषय कुठल्या कपाटात आहे हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं! सरांनी तिला कपाट दाखवलं. तिनं एकामागून एक पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवलं. "बापरे! एवढ्या लोकांनी लिहिलंय याच्यावर? आम्हाला वाटायचं, एकच पुस्तक आहे!" तिचा चेहरा असा फुलला होता की सरांना तिच्याकडे पाहवेना. ते आपल्या टेबलाशी गेले. पान अकरा उघडलं, वाचलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी त्यांनी बैठक बोलावली. नेहमीसारखी नाही. या वेळी सुरभी होती, आणि दुपारच्या फेरीआधी पाऊण तास मोकळा असतो म्हणून दीपमालाताईही आल्या होत्या. काउंटर सांभाळणारे परिचर खेमसिंग आडे बैठकीच्या वेळी नेहमी दाराशी उभे राहत. सरांनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. खेमसिंगभाऊ अवघडून टोकावर बसले, पण पहिलं बोलले तेच.

"सर, सकाळी उघडाचं कोनं? सोमवारी तुमी हौसेनं उघडलं. उद्या मलेच म्हनान, खेमसिंग, तू लवकर येत जा. माही ड्युटी साडेधाची हाय. दिवसभर उभा राह्यतो मी."

'थोडं सांभाळून घ्या' हे शब्द सरांच्या अगदी ओठावर आले होते. दीपमालाताई आधीच बोलल्या, "भाऊ बराबर बोलून राह्यले. एकाच्याच पाठीवर वझं टाकून सुरू केली फेरी, तं ते दोन महिन्यात बंद पडते. आमच्याकडे पाळ्या वाटून देतात."

सरांनी वहीत 'पाळ्या?' असं लिहिलं. मग ममताताई म्हणाल्या, "मला चालेल."

"काय?"

"साडेसात ते अडीच. माझी मुलगी तीनला शाळेतून येते. तीन वर्षं झाली, मी घरी पोचेपर्यंत ती शेजारच्या काकूंकडे बसून असते. मला तर ही पाळी हवीच आहे, सर."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

सरांनी कपाळाला हात लावला. बाहेरच्यांचं सोडाच, आपल्याच टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या माणसाला आपण कधी विचारलं नाही! आणि पाच वर्षांचं भविष्य लिहायला निघालो! त्यांना हसू आलं, मग ममताताईंना आलं, आणि खेमसिंगभाऊही खुर्चीत मागे सरकून नीट बसले.

"आता इचारूनच राह्यले तं सांगतो," ते म्हणाले. "रोज धा-बारा चिठ्ठ्या परत जातात. पुस्तक नाई म्हनून नाई. पोट्ट्याईले नाव बराबर लिहिता येत नाई म्हनून. त्याईले कपाटापाशी जाऊ द्या, हातानं घेऊ द्या."

"आणि पुस्तकं हरवली तर?"

"आज तं सारीच हरवल्यावानी हायेत, सर. कोनाले सापडूनच नाई राह्यली!"

मग ती चौसष्ट पानं टेबलावर आली आणि लाल पेन निघालं. प्रत्येक प्रकल्पाला दीपमालाताईंचा एकच सवाल असे, "याची कोन वाट पाहून राह्यलं?" उत्तर आलं नाही की त्यावर रेघ. डिजिटल पडद्यावर रेघ मारताना सरांचा हात थांबला. दोन रात्री जागून त्यांनी त्याचं चित्र काढलं होतं. "सर, पडदा छान आहे," सुरभी समजुतीनं म्हणाली, "पण आम्हाला खुर्ची पाहिजे." रेघ पडली.

शेवटी चार कामं उरली. सकाळी साडेसातला ग्रंथालय उघडणं. कपाटं सर्वांना खुली करणं. ज्या पुस्तकांसाठी जास्त चिठ्ठ्या येतात त्यांच्या प्रती वाढवणं. आणि संगणकावर शोधनिबंध कसे शोधायचे, ते रोज अर्धा तास शिकवणं. प्रत्येक कामापुढे लिहिलं : कोण करणार, केव्हापासून, आणि झालं की नाही हे कशावरून कळणार. सगळं मिळून एक पान!

उपकेंद्राच्या संचालकांनी ते पान उलटसुलट पाहिलं. "मुनेश्वर, मार्चमध्ये समिती येईपर्यंत सकाळची पाळी चालवून पाहा. समितीनं नाकारलं तर मात्र बंद. मग माझ्याकडे येऊ नका."

मार्च उजाडला. समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. साधना घुईखेडकर. तोंडावर हसू नाही, हातात पेन्सिल. एका सदस्यांनी ते एकुलतं पान उचलून धरलं. "हे काय? बाकीच्या ग्रंथालयांनी पन्नास-साठ पानं दिली आहेत!"

दारामागे ममताताई आणि खेमसिंगभाऊ कान देऊन उभे होते. सर म्हणाले, "साहेब, चौसष्ट पानं माझ्याकडेही तयार होती. ती तुम्हाला आवडली असती. पण ती तुमच्यासाठी लिहिलेली होती, वाचकांसाठी नाही. या पानावरची चारही कामं आम्ही तिघं करू शकतो. सकाळी पंचवीस जण यायचे, आता सत्तर येतात. दिग्रसच्या गाडीचेही येऊ लागलेत."

"ही वेळ कुणी सुचवली?" डॉ. साधनांनी विचारलं.

"पहिल्या गाडीतल्या मुलींनी. आणि त्यांना विचारायचं सुचवलं एसटीच्या एका कंडक्टरताईंनी."

दोन-तीन सदस्य हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "आणि यातलं एखादं काम फसलं तर?"

"तर त्याच पानावर 'फसलं' असं लिहीन, मॅडम. आणि का फसलं, ते ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच जाऊन विचारीन."

बाईंनी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. "निर्णय उद्या," एवढंच म्हणाल्या.

पाळी चालणार की बंद होणार, हे ठाऊक नसतानाही त्या संध्याकाळी ममताताईंनी सकाळची किल्ली नेहमीसारखी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ममताताई नोंदवहीत आकडे लिहीत होत्या. दारात कुणीतरी उभं राहिलं. मान वर करून पाहतात तो डॉ. साधना! एकट्याच, न कळवता आलेल्या. त्यांनी वाचनकक्षावर नजर फिरवली. कपाटांपाशी पोरींची चुळबुळ चालली होती. कोपऱ्यात चार जण एका गणितावर भांडत होते. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा कुणी ना कुणी बसलं होतं. अध्यक्षबाईंना बसायला एकही खुर्ची रिकामी नव्हती! सुरभी पटकन उठली.

"बस, बस," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "माझं काम उभ्यानंही होतं."

त्यांनी पर्समधून ते पान काढलं, काउंटरवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच मंजुरीची सही केली. खाली एक ओळ जोडली : "वीस खुर्च्या वाढवाव्यात." तेवढ्यात, निर्णय कळावा म्हणून आज लवकर निघालेले संघदीप सर आणि खेमसिंगभाऊ धापा टाकत आले. सही पाहून सरांचे डोळे भरून आले. खेमसिंगभाऊंनी तर शांतता पाळायची पाटी विसरून टाळीच वाजवली! सत्तर जणांनी त्यांना साथ दिली.

डॉ. साधना निघताना म्हणाल्या, "मुनेश्वर, बाकीच्या ग्रंथालयांना काय सांगू?"

"एवढंच सांगा, मॅडम, की आधी माणसं पाहा, मग कागद घ्या. मला हे कळायला अठरा वर्षं लागली."

मंडळी, योजनांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. शाळेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात त्या रोज लिहिल्या जातात आणि वरच्यांना दाखवल्या जातात. तुमच्या-माझ्या हातून एखादी लिहायची वेळ आली, तर ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशेजारी आधी बसू या. आपल्याबरोबर राबणाऱ्यांनाही खुर्ची देऊ या, विचारू या. मग पान एकच भरलं तरी चालेल. जी योजना विचारून होते, ती सगळ्यांची होते; आणि जी सगळ्यांची असते, ती पार पाडायला हातही आपणहून पुढे येतात!