माह्या फोटोले हार

पंचायतीच्या भिंतीवर तो मोठा टीव्ही लागला, अन् आमच्या गावच्या लोकाइले दुसरं कामच उरलं नाई. मोबाईलवरून फोटो धाडाचा, पंचायतीतला जितेंद्र तो टीव्हीवर टाकते, अन् सारं गाव पारावर बसून पाह्यते. कोनाचं पोट्टं पास झालं, कोनाच्या पोरीचं लगन झालं. शेजारच्या प्रेमिलाच्या त बकरीचा फोटो आला. बकरीचा, बाप्पा! माहा कधी आला नाई.

येईन कसा? फोटो धाडाले घरात कोनी पाह्यजे. मालक कवाच गेले. माहा अंकुश हिंगण्याले कंपनीत आहे. पोळ्याले आला, सकाळी आला अन् संध्याकाळी गेला. दिवाळीले फोन केला त "शिफ्ट आहे माय." संक्रांतीले केला तरी "शिफ्ट आहे माय." हे शिफ्ट कोन महारानी लागून गेली, एक डाव पाहाचीच आहे मले. मी दिवसभर लोकाइच्या मिरच्याचे देठ खुडतो, घरी येऊन एकटीपुरतं रांधतो अन् भिंतीसंग बोलतो. खोटं काहून बोलू, घर खाले धावते.

एक दिवस फोनवर भांडलीच. "बकरीचा फोटो येते, अन् तुले जितीजागती माय दिसत नाई काय गा?"

तो हासला. "धाडतो माय," म्हने.

पोळ्याले त्यानंच काढला होता, आंगनात, हिरव्या लुगड्यातला. धाडला खरा, पन संग दोन शब्द लिहाव का नाई? नाई लिहले. अन् आमच्या गावात म्हाताऱ्या मानसाचा एकटा फोटो एकाच कारनानं येते. जितेंद्राचा हात त्याच वळनावर गेला.

मी तेच लुगडं नेसून पारावर सगळ्याइच्या समोर बसली होती. टीव्हीवरून बकरी गेली अन् मी आली. गळ्यात झेंडूचा हार, दोन्हीकडून दिवे, अन् खाली काही लिहलं होतं. प्रेमिलानं वाचलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. समस्त गावकरी."

सगळ्याइनं टीव्हीकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"अवं माय वं, कांताबाई मेली!" प्रेमिला हासू हासू आडवी झाली.

मी तशीच पंचायतीत घुसली. "काहून गा जितेंद्रा, दोन घरं सोडून राह्यतं, रडन्याचा आवाज आला काय तुले? डोक्स काय गहाण ठेवलं?"

"चुकलं मोठीमाय. मले वाटलं... आताच काढतो."

"राग नको करू वं," प्रेमिला दारातून म्हने. "मेल्याची आवई उठली का आयुष्य वाढते. पन हे गावाच्या ग्रुपवरही गेलं. हिंगण्यापर्यंत पोचलं असन."

लेकरू पाह्यन त घाबरन, असं आलं मनात. अन् त्याच्या मांगून आनंद झाला, असा का मले माहीच लाज वाटली. अंकुश येईन!

"राहू दे," मी जितेंद्राले म्हनलं. "काढू नको."

"अपशकुन असते मोठीमाय."

"मरन माह्यं, तुह्यं काय जाते? राहू दे आजच्या दिवस."

घरी आली, आंगन झाडलं, गोळाभात टाकला. अंकुशले लसनाच्या फोडनीचा गोळाभात लय आवडते. लसून सोलता सोलता फोन वाजला, त्याचाच. नाई उचलला. मेलेली बाई फोन उचलते काय? परत वाजला, परत वाजला, मंग चूप झाला. लेकराले रडवून राहिली, पाप लागन, मले समजत होतं. पन येऊ दे त्याले एक डाव, माह्या ताटात जेवू दे, मंग किती शिव्या द्याच्या तेवढ्या दे म्हना.

दिवस कलला तवा दारात गाडीचा आवाज नाई, जितेंद्र आला.

"अंकुशभाऊचा फोन होता, मोठीमाय. तुमी उचलला नाई म्हनून त्याले खरंच वाटलं. लय रडला. साहेबाकडून सुट्टी घेतली होती, गाडीही काढली होती. मंग मी सांगतलं, माय ठणठणीत आहे, चूक माही आहे."

"मंग? निघाला ना?"

जितेंद्र उंबऱ्याकडे पाहाले लागला. "देव पावला म्हने. अन् सुट्टी वापस केली. सुट्ट्या थोड्याच भेटते, खरोखरची लागन तवा कामी येईन म्हने."

मी त्याले म्हनलं जेवून जा, तो नाई जेवला. मी एकटीपुरतं ताट वाढून घेतलं.

आता पारावर गेली का प्रेमिला चिडवते, "आयुष्य वाढलं वं तुह्यं, कांताबाई." वाढलं असन. मले त येवढंच समजते, माह्यं आयुष्य जेवढं वाढलं, तेवढं त्याचं येनं लांबलं.