सॉरीचा पहिला अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे चिठ्ठीवाले म्हणत, आणि ते नाव त्यांना शोभूनही दिसे. शर्टाच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्याला रबर आणि रबरात खोचलेली पेन्सिल. आपल्या रोजच्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तिथे तयार होत होता. असा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला की चिठ्ठीवर उतरवायचा. वाक्य जसंच्या तसं, कोण कोणाला म्हणालं, कुठे आणि कधी. तेही लगेच, उभ्या उभ्या. "दहा मिनिटांनी लिहिलेलं वाक्य तुमचं असतं, बोलणाऱ्याचं नाही," असं संपादकबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सव्वीस वर्षांत चिठ्ठीवाल्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या रांगेत त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई. लोक बोलत, हे लिहीत. समोरचा माणूस नेमकं काय सांगत होता, ते त्यांना पुष्कळदा संध्याकाळी चिठ्ठ्या लावताना कळे.

यंदा त्यांच्या वाट्याला 'सॉरी' आला होता. या शब्दाच्या चिठ्ठ्यांना तोटा नव्हता. गेल्या कित्येक वर्षांच्या साठलेल्या धरून चारशेच्या वर गेल्या होत्या. धक्का लागला, सॉरी. राँग नंबर, सॉरी. नीट ऐकू आलं नाही तरी भुवया उंचावून 'सॉरी?' दाताच्या डॉक्टरनं दात उपटण्याआधीच सॉरी म्हणून टाकलं होतं, म्हणजे पुढे बोंबलायची सोयच नाही. "सॉरी, पण चूक तुमचीच आहे," यात तर माफी औषधालाही नव्हती. एका बाईनं दुकानदाराला सुनावलं होतं, "सॉरी हं, मी भीक मागायला नाही आलेय!" एका आईनं लेकाचा कान धरून "म्हण सॉरी" म्हटलं, तर लेक ओरडला, "म्हटलं ना एकदा!" सगळ्या चिठ्ठ्या अर्थाप्रमाणे लावल्या, तेव्हा नऊ गठ्ठे झाले.

फक्त पहिल्या अर्थाखाली एकही चिठ्ठी नव्हती. आपल्या हातून घडलेल्या मोठ्या चुकीची मनापासून वाटणारी खंत, असा तो अर्थ.

"शुक्रवारी दुपारी मजकूर छापखान्यात जातोय," संपादकबाई म्हणाल्या. "कानांनी ऐकलेलं वाक्य नसेल, तर तो अर्थ काढून टाकू."

"बाई, मूळ अर्थच तो आहे!"

"असेल मूळ. वापरात कुठाय?"

हे चिठ्ठीवाल्यांना फार लागलं. त्याचं कारण कोशापेक्षा घरातलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांची आई नऊ दिवस इस्पितळात होती आणि धाकटा भाऊ त्या नऊ दिवसांत एकदाही फिरकला नव्हता. कामाचा ढीग पडलाय, असा निरोप पाठवायचा. आई गेली, आणि दहा माणसांदेखत चिठ्ठीवाले त्याच्यावर कडाडले, "सॉरी म्हणायची तयारी असेल तेव्हाच माझ्या दारात पाय ठेव!" धाकटा तसाच चपला घालून निघाला. जो गेला तो गेलाच.

पहिली दोन वर्षं चिठ्ठीवाले रागावर जगले. मग राग विरला आणि नुसती आठवण उरली. आता त्यांना 'दादा' म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. तो येईल, सॉरी म्हणेल, आपण त्याला पुढे बोलूच द्यायचं नाही, हाताला धरून आत ओढायचं, हे सगळं त्यांनी मनात कितीदा तरी घोकलं होतं. पण आपण होऊन त्याच्याकडे जाणं काही जमलं नाही. मोठेपणा आडवा येत होता, दुसरं काय.

बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात धाकटा उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, नखांत वॉर्निशचे काळे डाग. पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं त्याचं. आत स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

त्यानं चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोलला, एका दमात. "दादा, सॉरी. आईजवळ मी यायला हवं होतं. तिला तसं बघायची भीती वाटली मला, म्हणून कामाची सबब सांगितली."

आठ वर्षं ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते वाक्य हे. आणि चिठ्ठीवाल्यांचा हात खिशाकडे गेला. काय घोकलं होतं ते सगळं राहिलं बाजूला. चिठ्ठी निघाली, रबर मनगटावर चढलं, पेन्सिल चालू झाली. धाकटा भाऊ, मोठ्या भावाला. घराच्या दारात. तारीख. मान खाली घालून ते भराभर लिहीत होते, आणि शेवटच्या ओळीशी येऊन अडले.

"'सबब' म्हणालास की 'कारण'?"

"काय?"

"नाही, म्हणजे शब्द नेमका हवा, म्हणून."

धाकट्यानं चिठ्ठीकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. "सबब," तो म्हणाला. चिठ्ठीवाल्यांनी 'सबब' लिहिलं आणि मान वर केली, तोवर तो अर्धा जिना उतरून गेला होता.

"अरे ए! थांब!" त्यांनी हाक मारली. खालून दार लागल्याचा आवाज आला.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "झालं का लिहून?"

"अगं, मी फक्त..."

"नाही, राहिलं-बिहिलं तर नाही ना काही? त्याला परत बोलावून वदवून घेऊ." असं म्हणून ती आत गेली आणि त्या दिवशी त्यांच्याशी पुढे एक अक्षर बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

गुरुवारी सकाळी कचेरीला दांडी मारून चिठ्ठीवाले भावाच्या दुकानात गेले. सव्वीस वर्षांतली ही पहिली दांडी. धाकटा बाकड्यावर वाकून मोटारीत तांब्याची तार भरत होता. एकेक वेढा मोजत होता, म्हणून मान वर न करताच त्यानं स्टुलाकडे बोट दाखवलं. वेढे संपल्यावर तारेला गाठ मारली.

"बोल."

"मी ती चिठ्ठी फाडून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर."

"फाड नाहीतर ठेव. मला काय त्याचं?"

"माझं चुकलं रे. सवय झालीय. हात आपोआप जातो."

"दादा, दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलो होतो मी. काल म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. तू शिव्या घालशील, हाकलून देशील, सगळ्याची तयारी होती माझी. कानफटात मारली असतीस तरी घेतली असती." त्यानं पक्कड उचलली आणि परत ठेवली. "तू शब्द विचारलास मला."

चिठ्ठीवाल्यांनी खिशातून वर आलेला गठ्ठा आत दाबला.

"आणि एक सांगू? मी नव्हतो तिथे, ते चुकलंच माझं, जन्मभर जाळेल मला ते. पण तू तरी होतास का? वहिनी फोनवर बोलून गेली एकदा. आई गेल्याचं नर्स सांगायला आली, तेव्हा तू भिंतीला चिठ्ठी लावून लिहीत होतास म्हणे."

"काहीतरीच काय!"

"नसशील. मला काय माहीत, मी नव्हतोच." त्यानं दुसरी मोटार पुढे ओढली. "ही दुपारपर्यंत द्यायचीय. तू नीघ आता."

चिठ्ठीवाले उठले. दारापर्यंत गेले, वळले, म्हणाले, "सॉरी." तारेचं रीळ फिरत होतं. त्यानं ऐकलं नाही असं नाही, कारण रिळाचा असा कितीसा आवाज होतो.

तिथून ते तडक कचेरीत गेले आणि 'सॉरी'चे नऊ गठ्ठे टेबलावर ओतले. वाईट बातमी सांगतानाच्या गठ्ठ्यात ती चिठ्ठी मिळाली. "सॉरी, आजी गेल्या." परिचारिका, मुलाला. इस्पितळ, दुसरा मजला. तारीख आईच्या जाण्याची. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, एकही शब्द न खोडलेलं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. त्या नर्सचा चेहरा त्यांना आठवेना. तिनं पाठीवर हात ठेवला होता का, आपण आईच्या खाटेपाशी किती वेळानं गेलो, काही म्हणजे काही आठवेना. वाक्य तेवढं होतं.

आता या माणसानं धाकट्याची चिठ्ठी फाडून टाकली आणि कोशाला कायमचा रामराम ठोकला, असं सांगता आलं असतं तर ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फाडली नाही. शुक्रवारी सकाळभर ती खिशात घेऊन बसले, तीन वेळा बाहेर काढली, तीन वेळा आत ठेवली. वाक्य चांगलं होतं हो! सव्वीस वर्षांत याहून चांगलं वाक्य त्यांना मिळालं नव्हतं, आणि हे त्यांना कळत होतं, याचीच त्यांना मनस्वी शरम वाटत होती. दुपारी छापखान्याचा माणूस आला तेव्हा ते उठले आणि चिठ्ठी संपादकबाईंच्या हातात देऊन आले.

बाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "वा! याला म्हणतात वाक्य. वाचवलात तुम्ही पहिला अर्थ. कुठे मिळालं?"

"ओळखीच्यांकडे."

"बिचारा! किती दिवस मनात धरून बसला असेल." बाई टाचणी शोधू लागल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि यावर तो मोठा भाऊ काय म्हणाला हो?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"कसली कसली माणसं असतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चिठ्ठी पहिल्या अर्थाला टाचली.