माझी मुदत संपली तेव्हा

मी एक राखाडी गाडी. नंबर एमएच झिरो पाचचा, घर डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळच्या एका सोसायटीत. वय पंधराच्या पुढे गेलंय. यंदा मी भंगारात जाता जाता राहिले. ते कसं, हे सांगायला बसलेय.

मला आणलं महेंद्रांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. घरी यायच्या आधी ते आणि शीलाबाई मला विहारापाशी घेऊन गेले, बॉनेटवर पांढरी फुलं ठेवली. पुढे माझा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, सगळं महेंद्रच बघायचे. शीलाबाईंना पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नव्हतं.

मग महेंद्रांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, ठाण्याला माजिवड्याच्या हॉस्पिटलात. त्यांना गाडी चालवणं झेपेना. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या शीलाबाई क्लासला जाऊन गाडी शिकल्या. क्लच सोडताना त्या श्वास रोखायच्या आणि मी गचके खायचे. पण शिकल्या. माणकोली पुलावरून हायवेला लागताना त्या आता श्वास रोखत नाहीत.

त्या दिवशी मात्र घाई होती. डायलिसिसची आधीची फेरी तापामुळे चुकली होती. महेंद्र मागच्या सीटवर रेलून बसले होते, पाय सुजलेले, श्वास लागलेला. माजिवड्याला वळताना एका महिला पोलिसाने हात केला.

"मॅडम, बाजूला घ्या."

तिने माझा नंबर मशीनमध्ये टाकला. "पीयूसी संपलीये." मग थांबून पुन्हा बघितलं. "रजिस्ट्रेशन पण संपलंय. मार्चमध्येच."

"असं कसं? टॅक्स तर घेतानाच भरलेला."

"टॅक्स वेगळा, ताई. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून मुदत वाढवावी लागते. तोवर ही रस्त्यावर आणता येत नाही."

"मागे पेशंट आहे. डायलिसिसला चाललोय आम्ही."

तिने वाकून आत पाहिलं. माझ्या काचेतून हॉस्पिटलची पाटी दिसत होती. मला वाटलं, आता सोडेल. तिने रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली, महेंद्रांना स्वतः हात देऊन बसवलं. "तुम्ही आधी जा. गाडी मात्र मी सोडू शकत नाही."

रिक्षा गेली. महेंद्र पोचले का, धाप थांबली का, मला कोण सांगणार? जप्त गाड्यांच्या आवारात मला उभी केली. शेजारच्या व्हॅनच्या सीटवर गवत उगवलं होतं. फाटक वाजलं की मी बघायचे. दुसऱ्याच गाडीचा माणूस असायचा.

शेवटी शीलाबाई आल्या. दंड भरून, टोइंगवाल्याकडून मला घरी आणलं. महेंद्र खाली उभे होते. ते दिसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"तुम्हाला तारीख माहीत होती?" शीलाबाईंनी विचारलं.

"होती."

"मग बोलला का नाहीत?"

महेंद्र माझ्या दाराला टेकले. "मार्चपर्यंत मी असेन असं वाटलं नव्हतं गं. म्हटलं, नंतर तू ही भंगारात देशील. कशाला तुझ्यामागे कटकट."

शीलाबाई म्हणाल्या, "ह्या वयात मी गाडी शिकले ती कशासाठी, असं वाटलं तुम्हाला?"



दुसऱ्या दिवशी आरटीओची कामं करून देणारा सर्वेश नावाचा एजंट आला. "काकू, पीयूसीला गाडी न्यायची गरजच नाही. कागद घरपोच देतो."

"नको. ह्यांना घेऊन परत त्याच रस्त्याने जायचंय मला. पुन्हा कोणी थांबवलं तर मान खाली घालणार नाही मी."

टोइंगवाल्याकडून मला पीयूसी केंद्रावर नेलं, पण पहिल्या तपासणीत मी नापास झाले. धूर जास्त. दगडू मेकॅनिकने माझं पोट उघडलं, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. पुन्हा सायलेन्सरमध्ये नळी घातली. स्क्रीनवरचे आकडे वर चढत राहिले. शीलाबाईंची ओढणी मुठीत गोळा झाली होती. आकडे मर्यादेच्या अलीकडेच थांबले.

मग पुन्हा टोइंग करून कल्याणचं आरटीओ. इन्स्पेक्टरने चासी नंबर पुसून वाचला, दिवे लावायला सांगितले, हॉर्न, वायपर. "आता चालवा. मी हात केला की ब्रेक." इथे चुकलं असतं तर संपलंच होतं. त्याने हात केला. शीलाबाईंनी पाय दाबला. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली आणि जागच्या जागी उभी राहिले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पाच वर्षं वाढवून मिळतील."

आता पुन्हा माजिवड्याच्या फेऱ्या सुरू आहेत. चढावर मी दमते. कधीतरी मलाही जावं लागेल, त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगते, खाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीची तारीख आज एकदा बघा. तिला स्वतःला बोलता येत नाही, आणि ती थांबली की कोणाचा तरी रस्ता थांबतो.

काल परतताना सिग्नलला महेंद्रांनी मोबाईल काढला. पीयूसीची पुढची तारीख घातली. मग रजिस्ट्रेशनची, पाच वर्षांनंतरची, आणि तिच्या महिनाभर आधीची आठवणही.

"काय करताय?" शीलाबाईंनी आरशातून विचारलं.

"गजर लावतोय," ते म्हणाले. "तेव्हा धावपळ नको."