दाखवायचा मका

आत्याच्या मधल्या खोलीला छत आहे की नाही, हे गावात कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. वर बघावं तर कणसंच कणसं. सालं मागे वळवून वेणी घातलेली, जोडीजोडीने वाशांना टांगलेली, वर्गाच्या फोटोत दाटीवाटीने बसलेल्या मुलींसारखी एकमेकींना ढोसत. खाली चूल, चुलीचा धूर वर, त्यामुळे किड्याची काय बिशाद. अख्ख्या गावाचं बियाणं या एका खोलीत असायचं, कारण गावातल्या बाकी सगळ्या घरांत एक तर ओल होती, नाहीतर उंदीर, नाहीतर भूक लागलेली पोरं.

आत्याला नवरा नव्हता, मूल नव्हतं, पण मका होता. तिच्या आईने तो सांभाळला, आईच्या आईने सांभाळला. बाजारातल्या चकचकीत पिशवीतलं बी एकदाच पेरायचं, पुढच्या वर्षी परत पिशवी. हा मका मात्र दरवर्षी स्वतःचंच बी देणारा. आत्या कणसाच्या टोकाचे बारके दाणे काढायची, बुडाचे वेडेवाकडे काढायची, ते कोंबड्यांना टाकायची आणि मधले तेवढे बियाण्याला ठेवायची. "माणसांचंही असं निवडता आलं असतं तर," म्हणायची, आणि म्हणताना नेमकी अंगणापलीकडच्या घराकडे बघायची.

अंगणापलीकडे दादा राहायचा. तिचा सख्खा थोरला भाऊ, खाणविरोधी समितीचा अध्यक्ष, आणि गेलं वर्षभर तिच्याशी अबोला धरलेला माणूस.

भांडण झालं होतं एका भाषणावरून.

शेतांच्या खाली कोळसा आहे, तो वरून उकरून काढायचा आहे, आणि वर जे काही आहे ते आधी खरवडून बाजूला टाकायचं आहे, असं कळलं तेव्हा गाव शाळेच्या व्हरांड्यात जमलं. 'वर जे काही आहे' म्हणजे आपण, हे समजायला लोकांना थोडा वेळ लागला. न्हावीकाका टेकडीमागची जुनी खाण बघून आले होते. ते म्हणाले, "कड्यावर उभं राहिलो आणि खाली बघितलं. ट्रक मुंगीएवढे. आणि तिथे माझ्या साडूचा गोठा होता."

मग दादा उठला. दादा तरुणपणी बाटल्यांच्या कारखान्यात होता आणि तिथल्या संपाची गोष्ट त्याने आजवर इतक्यांदा सांगितली होती की त्याची मुलगी, जिला तिच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणायचे, ती झोपेतही म्हणून दाखवायची. पण त्या दिवशी ती गोष्ट सगळ्यांना नवीन वाटली. "आम्ही यंत्रं बंद केली," दादा म्हणाला, "आठवडा झाला नाही तोवर मालक हात जोडून फाटकात उभा. तसंच करू. नांगर बंद. या पावसात एक दाणा पेरायचा नाही. काळी जमीन काळीच ठेवू. बघू दे सरकारला."

टाळ्यांनी पत्रे वाजले. मागे हाताची घडी घालून बसलेली आत्या तेवढी म्हणाली, "दादा, कारखाना बंद पडला की मालकाच्या पोटात दुखतं. शेत बंद पडल्यावर कुणाच्या दुखणार? मालक तर आपणच."

लोक हसले, दादाचे कान लाल झाले. हात वर करून मतं घेतली तेव्हा तिच्या बाजूला एकच हात होता, तिचाच. मग तिनेही पेरलं नाही. गाव एका बाजूला आणि आपण एका बाजूला, असं शेत कसून करायचं काय.

पाऊस आला आणि गेला. गावातले लोक दुसऱ्यांच्या शेतांत मजुरीला गेले. मालक काही हात जोडून आला नाही. आले ते मोजणीवाले. त्यांनी उघड्या जमिनीचे छान स्वच्छ फोटो काढले, आणि उन्हाळ्याच्या तोंडी कागद आला: सदर जमीन पडीक, लागवडीखाली नाही.

समितीची वकीलबाई स्कूटरवरून आली. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली. "तुम्ही त्यांचं काम सोपं केलंत. पिकाखालची जमीन घ्यायची तर त्यांना दारोदार परवानग्या मागत फिरावं लागतं. पडीक जमिनीला एक शिक्का पुरतो." तिने भांडून एक फेरतपासणी मिळवली होती, महिनाअखेरची. त्या दिवशी ज्या शेतात उभं पीक दिसेल, तेवढ्याचीच नोंद बदलणार होती. "आणि नाही दिसलं," ती म्हणाली, "तर मला फोन करू नका. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेल."

त्याच दिवशी दुपारी दादा आत्याच्या दारात उभा राहिला. अबोला होता, म्हणून भोंग्याला सोबत आणलं होतं.

"तुझ्या आत्याला सांग, बी हवंय."

"आत्या, बाबा म्हणतायत..."

"मी बहिरी नाही. बाबांना सांग, मिळणार नाही."

"का ते विचार."

"बाहेर डोकं काढून बघा म्हणावं, का ते. कोंबड्या चोच उघडून बसल्यात उन्हाने. की बाटल्यांच्या कारखान्यात ऊनच नव्हतं?"

भोंग्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "यातलं नेमकं काय सांगू?"

आत्याने चुलीपुढची राख उगाच सारखी केली. मग मान वर करून थेट त्याच्याशीच बोलली. "कोंब येईल, दादा. मका भोळा असतो, पाणी दिसलं की वर येतो. पण पुढे या उन्हात तुरा आला की जळतो, आणि कणसात दाणा धरत नाही. म्हणजे हे पीक नाहीच, दाखवायचे दात आहेत. आणि बी एक पावसाळा टांगून म्हातारं झालंय, प्रत्येक खड्ड्यात दोन दोन, तीन तीन टाकावे लागतील. म्हणजे सगळंच जाणार. आपला हा मका दुसरीकडे कुठेही नाही. बाजारात नाही, पाहुण्यांकडे नाही. या खोलीतून गेला की संपला."

"आणि नाही पेरला तर?" दादा उंबऱ्यावर बसला. "पुढच्या पावसाळ्यात हे बी घेऊन जाशील कुठे? खाणीत पेरशील?"

आत्याने वर टांगलेल्या कणसांकडे बघितलं.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "चौकात म्हणतो, शाळेत म्हणतो, तू म्हणशील तिथे उभा राहून म्हणतो. पण नुसतं म्हणून मका उगवत नाही ना."

आत्या उठली, स्टुलावर चढली आणि पहिली जुडी सोडली. भोंग्याने ती हातात घेतली. तिला वाटलं होतं आत्या रडेल. आत्या म्हणाली, "अशी धरतात का? पोर आहे ती, केरसुणी नाही."

एक जुडी मात्र ठेवायचीच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. चुलीच्या बरोबर वरची, सगळ्यांत भरलेली. दिवसभर लोक टोपल्या घेऊन आले, दाणे सोलून घेऊन गेले, आणि खोली वरून उघडी पडत गेली. छत कौलांचं निघालं. संध्याकाळी शेवटची आली ती कुंभारीण. तिचं शेत गावात सगळ्यांत लहान, म्हणून ती नेहमीच मागे राहायची. तिने रिकाम्या वाशांकडे बघितलं, त्या एका जुडीकडे बघितलं, आणि मागे वळली.

"थांब," आत्या म्हणाली, आणि परत स्टुलावर चढली.

पेरणं सोपं होतं. पाण्याने जीव काढला. तळ्यात होतं नव्हतं ते हंड्यांनी, डब्यांनी, कावडीने वाहायचं आणि एकेका खड्ड्यात भांडंभर ओतायचं. न्हावीकाका म्हणाले, "आयुष्यभर मी केस कापत आलो, आता एकेका केसाला पाणी घालतोय." शेजारच्या रस्त्यावरून कंपनीचा टँकर रोज जायचा, धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडत. एकदा भोंगा त्याच्यापुढे आडवी उभी राहिली आणि अर्धा टँकर तरी द्या म्हणाली. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता. "ताई," तो म्हणाला, "हे रस्त्याचं पाणी आहे."

आठवड्याने कोंब आले. खरंच आले. पोपटाच्या पिसासारखी टोकं सगळ्या शिवारात, आणि लोक आपापल्या बांधावर उभे राहून नुसते बघत बसले, जणू पूर्वी कधी मका बघितलाच नव्हता. दोन दिवस गाव चक्क आनंदात होतं.

मग महिनाअखेर आली, पण तपासनीस आला नाही. जीप बिघडलीय, पुढच्या आठवड्यात येतो, असा निरोप आला. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. तळ्याचा तळ दिसायला लागला. दुपारी पानं दोरीसारखी वळायची आणि संध्याकाळी सगळीच काही उलगडायची नाहीत. आता सगळ्यांना पाणी पुरणार नव्हतं, आणि कुणाचं शेत सोडायचं हे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या हंड्याकडे बघायला लागला होता.

आत्याचे गुडघे त्या दिवसांत सुजले होते. ती सकाळच्या दोन खेपा करायची आणि बसून जायची. तरी तिचा मका हिरवा होता. ती म्हणायची, बी जुनं असलं तरी खोड चिवट.

तपासनीस आला तेव्हा कुणी वाटच बघत नव्हतं. अंगाने बारीक, तरुण, छत्री घेऊन, धुळीने शिंकत. त्याच्यामागे सगळं गाव, आणि फोन करून बोलावलेली वकीलबाई. पहिल्याच शेतात तो उकिडवा बसला, रोपाला बोट लावलं आणि विचारलं, "हे कधी पेरलं?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं.

"आत्ताच," आत्या म्हणाली.

"उन्हाळ्यात मका पेरतं कुणी?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला दिसावा म्हणून पेरला."

वकीलबाईने डोळे मिटले. तपासनीस बराच वेळ छत्रीचा दांडा फिरवत राहिला. "का पेरलं, हे मला लिहायचं नसतं," तो शेवटी म्हणाला. "आहे की नाही, एवढंच." आणि उठला.

मग तो शेतातून शेतात गेला आणि सोबतच्या कारकुनाला मोठ्याने सांगत गेला. आहे. आहे. नाही. आहे. नाही. कुंभारणीच्या शेतात दोन ओळी उभ्या होत्या, बाकी सगळं वाळलेलं. तो थबकला, सगळे थबकले. "नाही," तो म्हणाला, जरा हळू.

आत्याच्या शेतात आला. "आहे." एक बांध ओलांडला की दादाचं शेत. तिथे तपकिरी काड्या, हात लावला की मोडणाऱ्या. "नाही."

आत्या बांधावरच थांबली. तिचा मका हिरवागार आणि बांधाला लागून दादाचं एकही हिरवं पातं नाही. तिच्या सकाळच्या दोन खेपांत एवढं शेत ओलं राहत नाही, हे तिला आत्ता उमगलं. वर्षानुवर्षं मका कळणाऱ्या बाईला.

"वेडा आहेस का रे?" ती दादाला म्हणाली.

"माझी चूक, माझं शेत," दादा म्हणाला. "हिशेब बरोबर बसला."

जीप गेली. वकीलबाईने समजावलं की 'नाही' झालेली शेतं आता पहिल्याच टप्प्यात जाणार, तिथे तिला काही करता येणार नाही. 'आहे' झालेल्यांसाठी भांडायला जागा आहे, निदान काही दिवस. ती बोलत होती तेव्हा लोक नकळत बांधाच्या दोन बाजूंना सरकले होते. इकडे आहे, तिकडे नाही. शाळेच्या व्हरांड्यात एकत्र टाळ्या वाजवलेले तेच लोक.

न्हावीकाकांनी हंडा पालथा घातला. "झालं. साहेब बघून गेले."

"काय झालं?" आत्या म्हणाली. "संध्याकाळचं पाणी कोण घालणार?"

"आता कशाला?"

"साहेबासाठी नाही, बियाण्यासाठी. जगात आपला मका उरलाय तो एवढाच, या उभ्या रोपांत. दुपारी गोणपाटाची सावली केली, तुरे आले की पहाटे ऊन व्हायच्या आत हाताने झटकून पराग कणसावर पाडला, तर एखाद्या कणसात चार दाणे धरतील. पण एकटीदुकटीचं काम नाही हे. सगळे हात लागतील. बांधाच्या दोन्ही बाजूंचे."

कुणी हललं नाही. मग कुंभारीण बोलली, आवाज न चढवता. "आत्या, माझी जमीन गेली. आता मी तुझ्या शेतात पाणी घालू? आणि ते बी घेऊन पेरू कुठे, डोक्यावर?"

आत्याने न्हावीकाकांचा पालथा हंडा उचलून सरळ ठेवला.

दादाने कावड उचलली आणि तळ्याच्या वाटेला लागला. त्याच्यामागे भोंगा गेली, चक्क गप्प. त्यांच्यामागे सुजल्या गुडघ्यांनी आत्या.

तळ्यात हंडा बुडेल एवढंही पाणी नव्हतं. दादाने गाळात हातांनी खड्डा केला, आणि त्यात पाणी झिरपायची वाट बघत तिघं काठावर बसली. खूप हळू येत होतं, गढूळ, तळहाताएवढं. पलीकडे रस्त्यावर टँकर पाणी शिंपडत गेला. भोंग्याने तिकडे बघितलंही नाही.

थोड्या वेळाने वाळक्या गवतात पावलं वाजली. कुंभारीण एकटीच आली होती. तिने आपला हंडा दादाच्या हंड्यामागे ठेवला आणि आत्याकडे पाठ करून बसली.