उजव्या बाजूची मैफल

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. जोडीतला उजवा. एका लहानशा कारखान्यात सुताराने माझी लाकडी पेटी घासूनपुसून गुळगुळीत केली, एका बाईंनी आत कागदाचा पडदा चिकटवला आणि डाव्या भावासोबत मला खोक्यात घातले. आम्हाला विकत घेतले ते वर्तमानपत्रात जाझच्या रेकॉर्डांवर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणतो.

दादांची तऱ्हाच न्यारी होती. सभागृहात रेकॉर्ड केलेली मैफल घरी ऐकायची, पण तिथे बसल्यासारखीच. इस्त्रीचा शर्ट घालायचा, पायांत बूट चढवायचे, दिवा मालवायचा आणि आम्हा दोघांच्या बरोबर मधे खुर्ची टाकायची. रेकॉर्ड एकदाच लावायची, कारण मैफल दोनदा होत नसते, असे ते म्हणत. घरातली माणसे त्या बुटांना हसत. दादा मात्र पाहुण्यांकडे माझी तोंडभरून स्तुती करत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे, स्पीकरच्या अंगावर चढेल तेवढे.

मग घरात मोठे कपाट आले आणि मी त्याच्या मागे गेलो. माझ्या डोक्यावर कुंडी आली. झाडाला रोज पाणी मिळे, त्यातले थोडे माझ्याही वाट्याला येई. आतला कागद फुगला, मग फाटला, आणि माझा आवाज पार बसला. दादांच्या ते ध्यानातच आले नाही. बहुतेक रेकॉर्डांत दोन्हीकडे थोडे थोडे सगळेच येते, त्यामुळे एकट्या डाव्यावर त्यांचे भागत होते.

अशातच धाकट्याची रेकॉर्ड आली. तो बेस, म्हणजे माणसाएवढे उंच, खर्जात बोलणारे तंतुवाद्य, वाजवायचा. त्याची ही पहिली मोठी मैफल. बँड दौऱ्यावर निघणार होता आणि त्याला सोबत न्यायचे की नाही हे ठरायचे होते. दादांच्या शब्दाला वजन होते. धाकटा एवढेच म्हणाला, की भाऊ म्हणून नको, नेहमीसारखे ऐक.

दादांनी नेहमीसारखेच ऐकले. या रेकॉर्डमध्ये पियानो आणि ड्रम डावीकडे होते, बेस सगळा उजवीकडे. तो तारेतून माझ्या पोटापर्यंत येत होता आणि तिथेच विरत होता. मधे बाकीचे वादक थांबले, धाकटा एकटा वाजवू लागला. खोलीत चिडीचूप. मग डाव्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा एकदा लावून तरी बघा, असे बायकोने सुचवले.

"इतरांना एकदा आणि भावाला दोनदा? ते माझ्याच्याने होणार नाही," दादा म्हणाले.

बेस असून नसल्यासारखा आहे, असे त्यांनी लिहिले. मधे तर वादक पाणी प्यायला गेले असावेत आणि लोकांनी त्या शांततेलाही टाळ्या दिल्या, असेही लिहिले. वाचणारे पोट धरून हसले. दौऱ्यावर दुसराच बेसवादक गेला. धाकटा भांडला नाही, त्याने घरी येणे सोडले. कपाटामागे मला किती वाईट वाटले, ते कुणाला सांगणार?

पुढे एकदा दादांची मुलगी हेडफोन लावून तीच रेकॉर्ड ऐकत होती. तिने हेडफोन काढून बापाच्या कानांना लावले.

"बाबा, इथे काका एकटेच वाजवतायत. तुम्ही ऐकलं होतं ना?"

दादांनी उभ्याउभ्याच शेवटपर्यंत ऐकले आणि मग कपाटामागे वाकून माझ्या पेटीला कान लावला.

त्यांनी वर्तमानपत्रात चूक कबूल केली, पण तोवर बँड मोडला होता. मग मला बाहेर काढून नवा पडदा बसवला आणि धाकट्याला आग्रहाने बोलावले. तो आता वाद्यांच्या दुकानात दुसऱ्यांच्या बेसला तारा चढवून देतो. दादांनी त्याला मधल्या खुर्चीत बसवले आणि रेकॉर्ड हातात घेतली. मी अगदी आतुर झालो होतो.

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "मी काय वाजवलं ते मला माहीत आहे. ऐकायचं तुझं राहिलं होतं."

दादांनी रेकॉर्ड परत ठेवून दिली. धाकटा थोडा वेळ बसला आणि गेला.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंची वेळीच विचारपूस करत जा. आम्ही बिघडतो आणि नाव माणसाचे खराब होते. मला दुरुस्त करायला एक सकाळ पुरली. धाकटा त्यानंतर अजून आलेला नाही.