होर्मोजने मुकी केलेली आई

होर्मोज दबीरजादे हॅम्बुर्गहून तेहरानला आला की त्याची बहीण मेहरी दुपारच्या चहाला माणसं गोळा करी. या खेपेला रंगभूमीवरची जुनी नटी तलअत खानूमही गेली. गुडघे नको म्हणत होते, पण तिला त्याच्याकडून एक गोष्ट हवी होती, आणि ऐंशीच्या घरातल्या बाईने 'पुढच्या खेपेला बघू' म्हणू नये.

होर्मोज मधोमध बसला होता, ऐन उन्हाळ्यात गळ्यात मफलर. त्याच्या 'आई' नाटकाला कुठल्या कुठल्या देशांत बक्षिसं मिळाली ते मेहरी सांगत होती. तो "जाऊ दे गं" म्हणत होता, आणि एखादा देश राहिला की आठवणही करून देत होता.

तलअतला ते नाटक जन्मापासून ठाऊक होतं. तेहरानच्या लालेजार रस्त्यावरची थिएटरं अजून झुंबरांची दुकानं झाली नव्हती, तेव्हा हा मिसरूड फुटलेला पोरगा चार पानं घेऊन तिच्याकडे आला होता. त्या चार पानांतल्या आईला जीभ दिली तलअतने, स्वतःच्या सासूची. काय दिवस होते. लोक हसता हसता खुर्चीवरून घसरायचे.

मग हा परदेशी गेला. तिथे रंगमंचावरच्या पट्टीवर उमटणारं भाषांतर त्या जिभेमागे धावता धावता दमू लागलं, म्हणून याने आधी अर्धी वाक्यं कापली, मग सगळीच. आई बुरख्यासारख्या काळ्या चादरीत मूग गिळून बसली. तिथल्या टीकाकारांनी लिहिलं, हे पूर्वेच्या स्त्रीचं मौन आहे. होर्मोजने ते वाचलं आणि तेव्हापासून तोही तसंच सांगू लागला. गप्प बसणारी बाई या गृहस्थाने जन्मात कुठे पाहिली होती? घरात तर मेहरी होती.

"तलअत खानूम, ही आई तुमचीच," होर्मोज छातीवर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला. "मी तुमच्या पायाची धूळ. चला, यंदा हॅम्बुर्गला तुम्हीच करा."

अशा वेळी आपण नको नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा आणि शेवटी दोघांनी विषय बदलायचा, हे शेंबडं पोरही जाणतं.

"येते," तलअत म्हणाली. "कधी निघायचं?"

कोणी मीठ लावून काकडी खात होतं, तो कुरुमकुरुम आवाजही थांबला.

"म्हणजे, व्हिसाचं फार कठीण झालंय. शिवाय तुमचे गुडघे."

"तुझी आई खुर्चीतच बसते ना? मग गुडघे कशाला हवेत? माझं मागणं एकच. ती बोलेल. माझी सगळी वाक्यं, एकदा तरी. मग मी डोळे मिटायला मोकळी."

होर्मोजने आवाज मऊ केला, मुलाखतीत करत असेल तसा. "खानूम जान, तिथल्या लोकांना तिची शांतता कळते. ती बोलली तर ते हसतील."

"हसले तर बक्षिसं परत मागतात का रे?"

मेहरीने तोंडापुढे बशी धरली.

"तुम्हाला त्यातलं राजकारण नाही कळायचं."

"नाही कळत, बाबा. आम्हाला नाटकच कळतं."

हा देणार नाही, हे तलअतला कळून चुकलं. आपलीच चीज या माणसाकडे मागायला आलो, याची तिला लाज वाटली. तिने चहाचा पेला बाजूला ठेवला आणि बसल्या जागीच सुरू केलं.

"माझ्या जावयाचं नाक पाहिलंत? आधी ते येतं, मग मागून हा येतो. मी पोरीला म्हटलं, याच्यापुढे कलिंगड ठेवू नकोस बाई, श्वास घेतला तर बियांसकट आत जाईल."

काकडीवाल्याला ठसका लागला. मेहरीचे खांदे हलू लागले. तलअतचा आवाज जुन्या जागी जाऊन बसला, आणि सासू जिवंत होऊन खोलीभर फिरू लागली.

तेवढ्यात तिला दिसलं, होर्मोजने फोन उभा धरला होता.

ती थांबली. ओठ मिटून, त्याच्याकडे रोखून बघत बसली.

"चालू द्या ना, खानूम जान. फार सुंदर होतं. पुढच्या प्रयोगात कुठेतरी वापरता येईल."

"होर्मोज," मेहरी म्हणाली, "फोन इथे ठेव आणि आत जाऊन चहा घेऊन ये."

"मी?"

"मग कोण? हॅम्बुर्गहून कोणी यायचंय का?"

तो पायमोज्यांनिशी, ट्रे घेऊन आत गेला. तलअतने स्वयंपाकघरातून पेल्यांची किणकिण ऐकू येईपर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांना खुणेने जवळ बोलावलं, आवाज खाली आणला, आणि त्या नाकाला घेऊन जावई लग्नाच्या बोलणीला कसा आला, ते सांगायला घेतलं.